हंबीररावाच्या गाडीच्या काळ्या काचा

आमचे पेंटर बोलायला लागले की लोकांना वाटायचं, हा माणूस भांडतोय. भांडत न्हवते, आवाजच तसला. शाहूपुरीत मागच्या बोळात आमच्या दोन खोल्या, पुढं अंगण, आन अंगणात कायम कुणाची तरी गाडी उभी. कृष्णात पेंटर म्हटलं की समदे ट्रकवाले ओळखायचे. ट्रकच्या मागच्या फाळक्यावर मोर काढला तर पिसं मोजून घ्यावीत असा. स्वतःचं कौतुक मात्र एका शब्दानं करायचे न्हाईत. ते मी करायचे, आन त्यांच्या डोक्यावरबी मीच बसायचे. मी विठाबाई, त्यांची बायको. माझं तोंड कसं हाय ते बोळात कुणालाबी विचारा.

चौऱ्याहत्तर सालचा दसरा. गडमुडशिंगी माझं माहेर. तिथला हंबीरराव उसावर गबर झालेला, अँबॅसिडर घेतलेली. अष्टमीला सकाळीच अंगणात हजर. पुण्यात कुणाच्या तरी गाडीच्या मागच्या दिव्यांच्या काचा काळ्या केलेल्या बघून आलता. "पेंटर, तसल्याच करून द्या. दसऱ्याला गावात गाडी फिरली की लोकांनी वळून बघाय पायजे." त्याला आमचं घर दाखवलं ते माझ्या धाकट्या भावानं, जोतीरामानं. जोतीराम फटफटीला कॅन अडकवून शहरात दूध घालायला यायचा आन रोज दिवेलागणीला गावाकडं परतायचा.

रंग उडवायचं मशीन आमच्याकडं कुठलं? ढेकणाचं औषध मारायचा हातपंप व्हता. तो धुऊन पेंटरनी त्यात काळा लॅकर आन थिनर भरलं, काचेभोवती कागद चिकटवला आन हळूहळू फवारा मारला. पहिला हात बसला तेव्हा काच काळपट लाल दिसत व्हती, लई नामी. पेंटर म्हणाले, "बास. ह्याच्याम्होरं नको."

"हे काय, अर्धवट पिकल्या करवंदागत," हंबीरराव म्हणाला. "काळं मारा की."

दुसरा हात मारला. तिसरा मारला. गिऱ्हाईकापुढं ह्यांचं कधी चाललंय? गाडी वाळायला आमच्यातच ठेवून हंबीरराव गेला.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. आमच्यात पूजेत मांडलेलं हत्यार दसऱ्याला सोनं लुटून आल्याशिवाय उचलत न्हाईत. मी सकाळी पाटावर ब्रश, खरवडायच्या पट्ट्या, पंप, थिनरची बाटली सगळं मांडलं, हळदकुंकू लावलं, झेंडू वाहिला. पूजा झाली. मग पेंटर गाडीकडं गेले. ती आता भिंतीच्या सावलीत आलती. त्यांनी दिवा लावला, मागं येऊन बघितलं, आन तिथंच उभे राहिले.

"उजेडच येत न्हाय गं," म्हणाले. "काल उन्हात मला कळलंच न्हाय."

रॉकेलाच्या बोळ्यानं पुसून बघितलं. लॅकर हलला न्हाय, तो निघतो थिनरनंच. दुसऱ्या पेंटरकडं जावं तर त्याचीबी हत्यारं पूजेत, आन दुकानं बंद. मग ते घरात आले आन पाटावरच्या थिनरच्या बाटलीला हात घातला.

मी त्यांचं मनगट धरलं. आदल्या वर्षी असंच कुणाचंतरी अडलं म्हणून त्यांनी नवमीला ब्रश उचलला, आन माघात माझं पाच महिन्यांचं पोटातलं गेलं. त्याचा ह्याचा काय संबंध, असं आता कुणीबी म्हणेल. मला तेव्हा संबंध दिसत व्हता. त्या दिवशीबी मला तिसरा महिना व्हता.

"हात लावाल तर मी माहेरी जाईन," म्हटलं.

"अगं, अंधारात मागनं येणाऱ्याला गाडी दिसायची न्हाय. त्याच रस्त्यानं तुझा भाऊ येतो-जातो."

"हंबीरराव काय अंधारात जातोय? त्याला सांगा, दिवसाउजेडी जा. परवा या, पुसून देतो."

त्यांनी बाटली सोडली. दुपारी हंबीरराव आला तेव्हा पेंटरनी त्याला दोनदा बजावलं. तो म्हणाला, "पोचतो की उन्हात," आन हसत गेला. गेला तो पावण्यांकडं जेवायला. तिथनं निघाला दिवस बुडाल्यावर. गावाच्या अलीकडं, दोन्हीकडं ऊस, तिथं कुणीतरी ओळखीचा भेटला म्हणून रस्त्यातच गाडी उभी करून गप्पा हाणत बसला. मागनं फटफटीच्या मिणमिणत्या दिव्यात जोतीराम आला.

त्याचा उजवा पाय गुडघ्यापासनं काढला.

दवाखान्यात समदं गाव जमलेलं. हंबीरराव सगळ्यांना सांगत व्हता, पेंटरनं काचांची वाट लावली, मला काय ठावं? पेंटरनी दोनदा बजावलेलं गिळलं बघा मेल्यानं. जोतीराम शुद्धीवर आला आन सगळ्यांदेखत म्हणाला, "दाजी, तुम्ही माझा पाय घेतला." पेंटर खाली मान घालून म्हणाले, "चुकलं माझं." एवढंच. मी कोपऱ्यात उभी. आता सांगतील, आता सांगतील, असं वाटत राहिलं. त्यांनी माझं नाव घेतलं न्हाय.

घरी आल्यावर विचारलं, "का सांगितलं न्हाय तुम्ही?"

म्हणाले, "तुला माहेर राहिलं पायजे की."

त्यानंतर त्यांनी ब्रश धरला न्हाय. तसली नजर, तसला हात, आन माणूस लाकडाच्या वखारीत राखणीला बसला. माझ्या माहेरात लग्नकार्य निघालं की मला बोलावणं यायचं, ह्यांना न्हाय. मी जायचे. नवी लुगडी नेसून जायचे, पंगतीत बसायचे, आन माझी आई ह्यांना शिव्याशाप द्यायची ते मी खाली मान घालून ऐकायचे. पोटातलं तेवढं जगलं, मुलगी झाली. तिलाबी मामाच्या घरी, तुझ्या बापानं मामाचा पाय घेतला, हेच शिकवलं. पोरगी बापाशी तुटक बोलायला लागली तरी माझं तोंड उघडलं न्हाय. बोळभर गाजलेलं तोंड, नेमकं तिथं शिवलेलं. थू माझ्यावर.

दहा वर्षांनी ह्यांची छाती बिघडली. डॉक्टर म्हणाले, आता घरीच ठेवा. ही बातमी गावाकडं गेली आन एका सकाळी जोतीराम कुबडी टेकत दारात आला. सोबत भावकीतली चार माणसं. खाटेजवळ बसला, ह्यांचा हात हातात घेतला.

"दाजी, मनाला लावून घेऊ नका. मी तुम्हाला माफ केलं."

पेंटरना श्वास पुरत न्हवता. त्यांनी दोन्ही हात जोडले आन म्हणाले, "उपकार झाले." पोरगी रडायला लागली. मी तिथंच चहाचं ताट घेऊन उभी व्हते. ह्यांनी माझ्याकडं बघितलंबी न्हाय. बघितलं असतं तर बोलले असते का मी? न्हाय. खोटं कशाला सांगू.

मी सगळ्यांना चहा दिला. भावकीतला एक म्हातारा बशी फुंकत म्हणाला, "विठाबाई, तुझ्या भावाचं मन लई मोठं."

"व्हय," म्हटलं मी. "लई मोठं."