सेतुअण्णाची तिथीची पत्रे

सेतुअण्णा गेला ही बातमी रुक्मिणीवहिनीने फोनवर दिली, तेव्हा मी पुण्यात ऑफिसातल्या एका लांबत चाललेल्या मीटिंगमध्ये बसले होते. "वासंती, तुझे अण्णा गेले गं. सकाळी कॉफी पिऊन खुर्चीत बसले, ते उठलेच नाहीत," एवढेच ती बोलली. मी "हो" म्हणाले, फोन ठेवला आणि पुन्हा मीटिंग ऐकू लागले. रडू आले नाही. नुसता थकवा आला... आज दीड महिना होत आला तरी तो उतरलेला नाही. त्याचे कारण दुःख एवढेच असते तर मी हे लिहायला बसले नसते.

सेतुमाधव माझा चुलतभाऊ, माझ्याहून चौदा वर्षांनी मोठा. आमची घरे तंजावरला, राजवाड्यामागच्या गल्लीत. घरात मराठी बोलायची, दारात तमिळ, आणि वाचायला येते ती तमिळ नाहीतर इंग्रजी. देवनागरी मी नीट शिकले ती पुण्यात नोकरीला आल्यावर, तिशीत. अण्णा गावाबाहेरच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात तीस वर्षे प्रोग्रामिंग शिकवत होता. दोन वर्षे मीही त्याच्या वर्गात होते. तो शिकवायचा तमिळमध्ये, रागवायचा इंग्रजीत, आणि दोन्हींनी भागले नाही की माझ्याकडे बघून मराठीत पुटपुटायचा, "ह्यांचं डोकं आहे की डोंगर?" वर्गात ते फक्त मला कळे, आणि हसले म्हणून बोलणीही मीच खाई.

इनहेरिटन्स, म्हणजे प्रोग्राममधला वारसा, शिकवताना त्याने पुस्तक कधी उघडले नाही. तो म्हणायचा, गल्लीच्या तोंडाशी उभे राहा आणि ओरडा, "पोंगल शिजवा!" तुम्हाला कोणत्या घरात कोण राहते ते ठाऊक नाही, आणि ठाऊक असायची गरजही नाही. ज्या घराची स्वतःची रीत आहे ते आपल्या रीतीने शिजवील. ज्याची नाही ते मूळ पुरुषाने घालून दिलेल्या रीतीने शिजवील. वारसा तो हाच, वेगळे काही सांगितले नसेल तर वडिलांचे तेच तुमचे. पण हे सगळे केव्हा? मूळ पुरुषाने आपल्या रीतीपुढे "व्हर्च्युअल" असे लिहून ठेवले असेल तेव्हा. त्या शब्दाचा अर्थ एवढाच की, माझी रीत ही आहे, पण हाक आल्यावर आधी घरात जाऊन बघा, पोराची वेगळी असेल तर त्याची चालवा. तो शब्द नसेल तर ओरडणाऱ्याला फक्त फाटकावरची आडनावाची पाटी दिसते. आत कोणी काहीही शिजवायला शिकलेले असो, हाकेला मूळ पुरुषाचीच रीत उत्तर देते. आणि यंत्र तुम्हाला चूक झाली असे सांगतही नाही, कारण त्याच्या दृष्टीने चूक झालेलीच नसते. हे शेवटचे वाक्य तो फळ्याकडे पाठ करून, सावकाश म्हणायचा. मी ते वहीत उतरवून घेतले होते. पालथ्या घड्यावर पाणी!

निवृत्त झाल्यावर त्याने याच ज्ञानावर एक उद्योग काढला. आमची माणसे आता चेन्नई, बंगळूर, अमेरिका अशी पांगलेली. आईबापांचे श्राद्ध करायची इच्छा सगळ्यांना, पण पंचांग बघता येत नाही. अण्णाने सत्तेचाळीस घरांची यादी केली, प्रत्येक घरातल्या गेलेल्या माणसांच्या तिथी लिहून घेतल्या आणि एक प्रोग्राम लिहिला. महिन्याच्या सुरुवातीला प्रत्येक घराला पत्र जाई की, अमक्याचे श्राद्ध अमक्या तारखेला. यात एक मेख होती. श्राद्धाला दुपारची तिथी धरतात. कधी कधी तिथी रेंगाळते आणि दोन दिवस दुपारी तीच असते. मग श्राद्ध पहिल्या दिवशी की दुसऱ्या? बहुतेक घरांत पहिल्या. पण नऊ घरांत, कोणा पूर्वजाने ठरवले म्हणून, दुसऱ्या. अण्णा गावाकडे उरलेल्या घरोघरी स्वतः स्कूटरवर जाऊन हे विचारून आला होता. पुष्कळांना आपली रीत काय आहे हेच ठाऊक नव्हते, म्हाताऱ्यांना उठवून विचारावे लागले. मूळ रीत एका ठिकाणी, तिच्यापुढे व्हर्च्युअल, आणि नऊ घरांच्या नऊ वेगळ्या रीती त्यांच्या त्यांच्या जागी. वर्गातला पोंगलच तो.

पुढे डोळ्यांचे ऑपरेशन झाले तेव्हा त्याने प्रोग्राम मला पाठवला. "जरा बघून ठेव, तूं मोठ्या कंपनीत आहेस," म्हणाला. त्याचे लिहिणे जुन्या वळणाचे, ओळी वेड्यावाकड्या. मी एका रविवारी मूळ रीतीची फाइल नव्याने टाइप करून नीटनेटकी केली. कोणी सांगितले होते? नसती उठाठेव. त्यात तो एक "व्हर्च्युअल" शब्द गळला. मी तपासलेही होते, पण एकेका घराला त्याच्या नावाने हाक मारून. अशी हाक मारली की घर आपल्या रीतीनेच उत्तर देते. गल्लीच्या तोंडाशी उभे राहून, सत्तेचाळीस घरांना एकदम हाक मारून मी बघितले नाही. पत्रे मात्र तशा एकदम हाकेनेच निघत होती, म्हणजे त्या नऊ घरांनाही पहिलाच दिवस जात होता.

चार वर्षे कोणाच्या लक्षात आले नाही, कारण तिथी दरवेळी रेंगाळत नाही. मग त्या नऊ घरांपैकी एका, ओरत्तनाडूच्या श्रीनिवासमामांकडे कुंभकोणहून एक वृद्ध भटजी आले आणि त्यांनी जुनी पंचांगे काढून दाखवले की, चारांपैकी दोन वर्षे त्यांच्या वडिलांचे श्राद्ध चुकीच्या दिवशी झाले. श्रीनिवासमामा अण्णाचे शाळेपासूनचे मित्र, एका सायकलवर दोघे शाळेत गेलेले. ते तंजावरला आले, दारातच उभे राहिले आणि म्हणाले, "दोन वरसं माझा बाप दारावर येऊन उपाशी गेला, सेतू." पाणीही न पिता परतले.

अण्णाने त्याच दिवशी प्रोग्राम उघडला. मला फोन केला. "वासंती, ती मूळ फाइल तूं बदलली होतीस काय?" मी म्हणाले, "फक्त नीट केली, अण्णा. का?"  तो "सेरी" म्हणाला, ठीक आहे, आणि माझ्या मुलीच्या परीक्षेची चौकशी करून फोन ठेवला. फोन ठेवताच मी फाइल उघडली आणि मला दिसले. शब्द परत घालायचे काम पाच मिनिटांचे होते, ते त्याने करूनही टाकले होते. पत्रांना दोन आठवडे लागले. नऊ घरांना त्याने हाताने पत्रे लिहिली, चूक माझ्याकडून झाली, क्षमा असावी. आठ घरांनी क्षमा केली, एकदोघांनी तर "अण्णा, त्यात काय?" म्हणून फोनही केला. श्रीनिवासमामांनी पत्र न फोडता परत पाठवले. मला हे सगळे कळत होते. झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणून मी मूठ झाकून बसले. दोन वर्षे. मला लाज वाटत होती, आणि दर महिन्याला ती सांगणे जास्त जड होत होते.

मामा अण्णाच्या प्रेताला आले नाहीत, तेराव्यालाही नाहीत. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी, तंजावरला भांडी आवरताना, मी वहिनीला सगळे सांगितले. तिने हातातले पातेले पुसून पालथे घातले. "तूं गप्प राहिलीस हे माझ्याकडून जिरणार नाही, वासंती," ती म्हणाली. "पण मला सांगून काय होतं? ओरत्तनाडूस जा."

बसने गेले. मामा ओट्यावर झावळ्या सोलून केरसुणीसाठी हीर काढत बसले होते. मी नाव सांगितले तरी हात थांबले नाहीत.

"मी आलों नाही म्हणून विचारायास आलीस काय?"

"नाही मामा. सांगायास आले." आणि मी सांगितले, जमेल तेवढे सोपे करून.

"ते कॉम्प्युटर मला कळत नाही. चूक कोणाची ते सांग."

"माझी."

"तो जाणत होता?"

"तुम्ही येऊन गेलात त्याच दिवसापासून."

"तुला काही बोलला?"

"एक शब्द नाही."

आता हात थांबले. मी वाट पाहत होते, ते ओरडतील म्हणून. ओरडले असते तर बरे झाले असते. "बस स्टँडवर एकदा त्याने हात केला होता," ते म्हणाले. "मी बघून न बघितल्यासारखं केलों. उन्हात उभा होता तो... बस येईपर्यंत तसाच उभा होता."

 कालव्याकाठच्या रस्त्यावरून एक मोपेड गेली. मग त्यांनी विचारले, "त्याचं मासिक श्राद्ध कधी आहे?"

मी पर्समधून फोन काढू लागले. "ते नको," ते म्हणाले. "आत खुंटीस पंचांग आहे, आण. मला दिसत नाही, तूं वाच. मोठ्यानं वाच, दोन वेळा."

त्या महिन्यात अण्णाची तिथी एकाच दिवशी दुपारी होती. पहिला की दुसरा असा प्रश्नच नव्हता, कोणत्याही रीतीने दिवस एकच येत होता. तरी मी ओळीवर बोट ठेवून दोनदा वाचले. दुसऱ्या वेळी मला पुढचे अक्षर दिसेना.

"थांबू नको. वार सांग," मामा म्हणाले.

मी सांगितला. त्यांनी हीर पुन्हा हातात घेतला.

"येतों म्हणून रुक्मिणीला सांग."