खाऱ्या मुलखातली गोड्या पाण्याची लॉरी

श्री. सुखदेवराव तायडे यांची आणि माझी ओळख त्यांच्या पायांपासून सुरू झाली. शिक्षिका म्हणून मी अकोल्याहून नेमणुकीच्या गावी निघाले होते. वाटेत बसक्या तोंडाची एक हिरवी लष्करी लॉरी उभी होती आणि तिच्याखालून दोन पाय बाहेर आलेले होते. "बाई, तो पाना द्या बरं मले," खालून आवाज आला. शाळेत रुजू होण्याआधी मी हवालदारांच्या हाताखाली रुजू झाले.

गाव त्यांना हवालदारच म्हणते. लढाईत ते असलीच लॉरी ब्रह्मदेशाच्या चिखलात चालवीत. लढाई संपल्यावर लष्कराने जुन्या गाड्या लिलावात काढल्या; आमच्या सहकारी सोसायटीने त्यांतली एक घेतली आणि हवालदारांना तिच्यावर नेमले. तिचे स्टिअरिंग डावीकडे. पुढची बैलगाडी ओलांडायची तर उजवीकडे बसलेल्याने मान बाहेर काढून "जाऊ द्या" म्हणायचे. ते काम बहुधा माझ्याकडे येई. चारही चाकांना जोर असल्याने भर पावसात काळ्या मातीतही ती अडत नसे. पेट्रोल पिण्यात मात्र तिचा हात धरणारे कोणी नव्हते. कापूस, शाळेचे पत्रे, वरूडहून बडनेरा स्टेशनावर जाणारी संत्री, सारे तिने वाहिले. ऐन आषाढात एका अडलेल्या बाळंतिणीला हवालदारांनी अकोल्याच्या दवाखान्यात पोहोचवले. सासऱ्याने भाडे विचारले, तर म्हणाले, "पोराचं नाव काय ठेवता ते सांगा, भाडं कायचं इचारता?"

आमचे गाव खारपाणपट्ट्यातले. विहिरीचे पाणी तोंडात धरवत नाही. म्हणून सोसायटीने लॉरीवर टाकी बसवली आणि उन्हाळ्यात हवालदार लांबच्या मळ्यातून गोडे पाणी आणू लागले. त्यांनी नुकतीच बौद्ध धम्माची दीक्षा घेतली होती. सरपंच आप्पाजी लॉरीपाशी येऊन म्हणाले, "हवालदार, पानी तुमी आना, पन तोटी आमचा मानूस खोलन."

"ज्या हातानं आनलं त्याच हातानं तोटी खुलन," हवालदार म्हणाले. "ज्याले चालत नसन त्यानं इहिरीचं प्यावं. रांग एकच राहीन."

आप्पाजींनी ड्रायव्हर बदलण्याची धमकी दिली. नोकरी गेली तर घरी चूल पेटणार नाही, हे हवालदारांना ठाऊक होते. तरी ते येत राहिले आणि तोटी स्वतःच उघडत राहिले. निम्मे गाव दूर उभे राहून बघे. मी रांगेत उभी राहिले म्हणून घरमालकिणीने माझ्याशी अबोला धरला. बरेच झाले, फार बोलायची.

खाऱ्या पाण्यात तुरीची डाळ शिजत नाही, हे आमच्याकडच्या प्रत्येक बाईला माहीत असते. त्याच उन्हाळ्यात आप्पाजींच्या मुलीचे लग्न निघाले. लॉरीचे पाणी नको म्हणून त्यांनी गोड्या पाण्याची पिंपे आणायला पाठवलेली बैलगाडी आस मोडून वाटेतच बसली. वऱ्हाडी मांडवात आले आणि डाळ टणकच. शेवटी आप्पाजी स्वतः हंडा घेऊन रांगेत उभे राहिले. हवालदारांनी तोटी उघडली आणि हंडा भरून दिला.

दुपारी मांडवातून भरलेली पत्रावळ लॉरीकडे आली. हवालदारांनी ती परत पाठवली. "जेवन पाठवू नका म्हना. जेवाले बोलवा." बोलावणे आले नाही. ते उपाशीच परतले. मला त्या दिवशी गावाचा भयंकर राग आला. तो अजून पुरता गेलेला नाही.

पुढे गावात पुष्कळ लग्ने झाली. प्रत्येक लग्नाला हवालदारांनी पाणी दिले आणि लॉरीत बसून घरचा डबा खाल्ला. ड्रायव्हर बदलला नाही, रांगही बदलली नाही. हळूहळू सारे गाव तिच्यात येऊन उभे राहिले.

आता हवालदारांना साठ वर्षे पूर्ण होत आहेत आणि सत्काराचे जेवण आमच्याच गावात आहे. परवा आप्पाजी काठी टेकत अकोल्याला त्यांच्या आताच्या घरी गेले. मी सोबत होते. "हवालदार, जेवाले या," आप्पाजी म्हणाले. हवालदारांनी विचारले, "पंगत एकच हाय ना?" "एकच हाय." "मंग येतो."

हवालदारांना उदंड आयुष्य लाभो, त्यांचे डोळे नि गुडघे धड राहोत आणि कणा आहे तसाच ताठ राहो. त्यांचा पाट वेगळा मांडू नका, असे मी संयोजकांना बजावले आहे. ते बसतील तिथून पंगत सुरू होईल, आणि शेजारच्या पाटावर आप्पाजी बसतील.