यादीत नसलेलं जनुक

सांगलीच्या आमच्या प्रयोगशाळेतले सहायक लष्करातून निवृत्त झालेले. प्रत्येक बाटलीवरचं लेबल बोट ठेवून दोनदा वाचायचे. ‘चुकलं’ कधी म्हणत नसत; नुसतं ‘परत बगा’ म्हणत.

एकदा एका जिवाणूच्या जनुकांची संगणकाने काढलेली यादी मला दुसऱ्या दिवशी पुण्याला पाठवायची होती. तेवढ्यात ते प्रथिनांचा तपासणी अहवाल घेऊन आले.

“म्याडम, हे प्रथिन जिवाणूत हाय. तुमच्या यादीत त्याचं जनुक न्हाई.”

“ते जनुक जिथे असायला हवं, ती जागा संगणकाने रिकामी दाखवलीय.”

“प्रथिन हाय म्हंजी जनुक असनारच. परत बगा.”

मी चिडले. ते स्टूल ओढून बसले. मी ती जागा स्वतः अक्षर-अक्षर तपासली; संध्याकाळी जनुक त्याच जागेत सापडलं. मी ते यादीत भरलं.

“बरं झालं,” ते म्हणाले, “आता बाकीच्या रिकाम्या जागा बगू.”