करंजापलीकडचा टोला

गोल्फ म्हणजे श्रीमंतांचा विटीदांडू, असं म्हटलं की माझा नातू हसतो. हसू दे बापड्याला. टोला लांब कसा न्यायचा, ते मला विचार म्हणावं!

देश स्वतंत्र होऊन दोन-चार वर्षं झाली असतील. पनवेलच्या खाडीकाठी आमचं मिठागर, आणि भात कापलं की मोकळ्या शेतात विटीदांडू. बांधावर एक करंज होता. माझ्या थोरल्या भावाची विटी तिथवर गेली होती, गावात त्यापुढे कुणाचीच नाही. मला करंजापलीकडे टोला मारायचा होता, तोही शिमग्याच्या आत. शिमगा झाला की मला लुगडं नेसवणार, असं आईने जाहीर केलं होतं. लुगड्यातल्या मुलीने दांडू धरायचा नाही, ही गावाची रीत. आग लागो त्या रितीला!

जेवणात लक्ष नव्हतं, हात नुसते शिवशिवत होते. जड वस्तू लांब जाते, असा मी शोध लावला आणि विटी मिठागराच्या पाण्यात भिजत घातली. चांगली फुगून जड झाली. मारली, तर बद्दकन पायाशीच पडली. भाऊ पोट धरून हसला. मग म्हणाला, "जोर कशाला लावतेस गो? विटी वर येव दे. तू आदीच मारतेस. जरा थांब ना!"

थांबणं माझ्या रक्तातच नव्हतं. विटी उडाली रे उडाली की माझा दांडू फिरलाच. त्यात दिवस भराभर चाललेले. पोरं होळीची लाकडंसुद्धा गोळा करायला लागली.

होळीच्या आदल्या दिवशी मी विटी उडवली आणि दातओठ खाऊन थांबले. ती डोळ्यांसमोर आली, तेव्हा मारली. हाताला काही लागलंसुद्धा नाही. विटी करंजावरून गेली आणि पलीकडे खाडीत पडली. मी धावले, कमरेएवढ्या चिखलात शिरले, तर ती ओहोटीबरोबर तरंगत निघालेली.

भाऊ करंजाखालीच उभा होता. "गेली ना पुढं? सांग ना!" मी ओरडले.

"विटी कुठं हाय? विटी नाय, तर टोला नाय."

कायदा तसाच होता. पडलेल्या विटीपर्यंत दांडूने माप घालायचं, तरच टोला धरायचा. पण त्याने डोळ्यांनी पाहिलं होतं! मी भांडले, रडले, त्याला चावलेसुद्धा. तो ढिम्म. तेवढ्यात आई आली आणि चिखलाने भरलेला परकर बघून मला ओढत घरी घेऊन गेली.

लुगडं आलं, मागोमाग लग्नही झालं. सासरी निघताना मी बैलगाडीत बसले, तसा भाऊ जवळ आला. मान खाली घालून हळूच म्हणाला, "तवा गेली होती गो. करंजाच्या लय पुढं."

आत्ता सांगतोस होय रे मेल्या! असं मनातल्या मनात ओरडत मी संतापाने हमसून हमसून रडायला लागले. बायका एकमेकींना म्हणाल्या, पोरीला माहेर सोडवत नाही.