रविवारच्या शर्टाची सात बटणं

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. आईला नाही, पाठच्या बहिणीला नाही — आणि फादरांना? कन्फेशनच्या जाळीपुढे शंभरदा तरी गुडघे टेकले असतील मी. राग, हेवा, शेजारणीच्या चहाड्या, सगळं निमूट सांगितलं. हे एवढं मात्र दर वेळी जिभेखाली धरून परत आले. "आणखी काही?" फादर विचारायचे. "नाही, फादर." म्हणजे एक खोटं झाकायला दुसरं, आणि तेही तिथे! तुम्ही म्हणाल, बाईचं धाडस दांडगं.

धाडस कसलं? भित्री आहे मी. बोलण्यात मात्र पहिल्यापासून पुढे. जन्मभर मराठी शाळेत पोरांना शिकवलं. गावात कुठे चार शब्द बोलायचे असले की बाईंना बोलवा. माझा नवरा पास्कल अगदी उलट. वसईतल्या आमच्याच गावचा, भातशेती करणाऱ्या घरातला. लहानपणापासूनची ओळख, त्यामुळे मी त्याला नावानेच हाक मारायची. तो पाण्याला 'पानी' म्हणायचा. लग्नानंतर वर्षभर मी त्याला सुधारून पाहिलं, मग नाद सोडला. वालीवच्या एका कारखान्याच्या गाळ्यात तो पत्रा कापायचा पॉवर प्रेस चालवायचा, आणि चर्चचा सण आला की मांडव बांधायला सगळ्यांच्या आधी शिडीवर चढलेला असायचा.

त्या प्रेसमध्ये त्याचा उजवा हात सापडला. नव्वदीची सुरुवातीची वर्षं होती, आमची प्रिसिला नऊ वर्षांची. चार बोटं गेली, अंगठा तेवढा राहिला. मी धावतपळत हॉस्पिटलात पोचले तर हा पांढराफटक पडलेला, आणि मला बघून म्हणाला काय? "चार गेली गं, पन अंगठा ऱ्हायला. आता सही करायची कटकट नाय." शिक्षिकेच्या नवऱ्याने असला विनोद करावा! बाजूच्या खाटेवरचा म्हातारा हसला. मला मात्र दोघांचाही राग आला.

खरं सांगू? राग मला देवाचा आला होता, आणि पास्कलचा त्याहून जास्त — कारण त्याला देवाचा राग येत नव्हता. ज्याच्या सणाला हा माणूस घरचं लग्न असल्यासारखा राबला, त्या देवाला हाच हात दिसला? गावात दुसरे हात नव्हते? मी असं म्हटलं की पास्कल मान हलवायचा. "विचारलंय मी त्याला," म्हणायचा, "अजून काय कळवलं नाय." मी घरातल्या आल्तारापुढे मेणबत्ती लावणं सोडलं. संध्याकाळी माळ घेऊन रोझरीला बसणं सोडलं. चर्चला जाणं तर सोडलंच.

आता शर्टाचं सांगते. सांगायचं आहे ते हेच, पण मी तिथवर यायला टाळाटाळ करते आहे — हे तुमच्या लक्षात आलंच असेल.

पट्टी सुटल्यावर पास्कलला पुन्हा चर्चला, रविवारच्या मिस्साला जायचं होतं. रविवारचा त्याचा एक पांढरा शर्ट होता, सात बटणांचा. डाव्या हाताला सवय नाही, उजव्याचा नुसता अंगठा, आणि तोही दुखरा. प्रिसिला धर्मशिक्षणाच्या वर्गाला आधीच निघून गेलेली. घरात आम्ही दोघंच. मी विहिरीवर धुणं घेऊन बसले होते. त्याने ओटीवरून हाक मारली, "आग्नेस, बटनं लाव गं जरा." मी ऐकलं. स्पष्ट ऐकलं. आणि दगडावर कपडे जोरात आपटायला लागले. त्याने परत हाक मारली. मी आणखी जोरात आपटले. त्या रविवारी तो घरीच राहिला. पुढच्या रविवारी पुन्हा तेच. जा म्हणावं आता तुझ्या देवाकडे, बघू कसा जातोस — असं माझ्या मनात होतं. चुकून झालेलं नाही हे, मी ठरवून केलं.

तिसऱ्या रविवारी हाक आली नाही. मी स्वयंपाकघराच्या दारातून डोकावले तर हा ओटीवर बसलेला. शर्ट अंगात, मान खाली. डाव्या हाताने बटण काजात घालायचा, ते निसटायचं, परत घालायचा. आणि तोंडाने काहीतरी पुटपुटत होता. मी कान दिला. एकेका बटणाला रोझरीतली एक 'नमो मारिया' प्रार्थना चालली होती. बटण लागलं की पुढची. निसटलं की तीच पहिल्यापासून. पाऊण तास लागला त्याला. उठला तेव्हा एक बटण चुकलेलं, शर्टाचं एक टोक वर, एक खाली. मी दारात उभी आहे हे त्याला दिसलं. "रोझरीला पन्नास मनी, शर्टाला सात," हसून म्हणाला, "देवानं मला सवलत दिलीय." आणि तसाच वाकडा शर्ट घालून गेला. पुढेही दर रविवारी असाच उशीर व्हायचा, म्हणून चर्चमध्ये मागे दाराशीच उभा राहायचा.

आता गावाला काय दिसलं बघा. अपघातानंतर कित्येक आठवडे पास्कल चर्चला फिरकला नाही. मग आला तो उशिरा, मागे उभा, मान खाली, शर्ट वाकडा. आणि बाई? बिचारी नवऱ्याचं करून दमते, घरीच प्रार्थना करत असेल! लोकांनी आपली गोष्ट जुळवली आणि मी ती मोडली नाही. नाताळला मी चर्चमध्ये गेले, तेसुद्धा शिक्षिका नाताळला दिसली नाही तर लोक नावं ठेवतील म्हणून.

मग ईस्टरच्या आधीचा उपवासकाळ आला. आमच्या चर्चच्या आवारात रिट्रीट, म्हणजे प्रार्थनेचं शिबिर होतं. शेवटच्या दिवशी तिघाचौघांनी साक्ष द्यायची — संकटात विश्वास कसा वाढला, आनंद कसा सापडला, हे सगळ्यांपुढे उभं राहून सांगायचं. फादर स्वतः शाळेत आले. "बाई, तुमच्याइतकं चांगलं कोण बोलणार?" नाही म्हणता आलं नसतं का? आलं असतं. पण कौतुक कुणाला नको असतं! मी हो म्हटलं. आणि घरी येऊन कागद-पेन घेऊन बसले तेव्हा कळलं की माझ्यापाशी सांगण्यासारखं काहीच नाही. विश्वास वाढला नव्हता, आनंद तर औषधालाही नव्हता. घरात जो काही होता तो सगळा पास्कलचा.

मी तोच उचलला.

माईकसमोर उभी राहून मी सांगितलं की पास्कल पार खचला होता. देवावरचा त्याचा विश्वास उडाला होता. मीच त्याला दर रविवारी उठवायची, माझ्या हाताने त्याच्या शर्टाची बटणं लावायची, एकेका बटणाला एक नमो मारिया म्हणायची आणि त्याला चर्चकडे धाडायची. 'रोझरीला पन्नास मणी, शर्टाला सात' — हेसुद्धा मी माझं म्हणून सांगितलं. 'मणी'तला ण नीट उच्चारून! लोक आधी हसले, मग पदर आणि रुमाल डोळ्यांना लागले. पास्कल तिसऱ्या रांगेत बसला होता, प्रिसिला त्याला टेकून. मी एकदाच तिकडे बघितलं. तो माझ्याकडेच बघत होता, पोरीच्या केसांवरून डावा हात फिरवत.

घरी जाताना मी वाट बघत होते. आता बोलेल, मग बोलेल. वाड्यांमधल्या वाटेने आम्ही तिघं चाललो, आणि तो म्हणाला, "बरी बोललीस. माईक जरा लांब धरायचा, फुसफुस येते." बस. एवढंच. शिव्या घातल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं, हो की नाही? आठवडाभर मी वाट बघितली. शेवटी शनिवारी मीच विचारलं — तू उठून खरं का नाही सांगितलंस?

तो खाटेवर बसला होता. म्हणाला, "त्या दिवशी तुझ्याकडं काय नव्हतं. माझ्याकडचं घेतलंस. नवऱ्याचं नाय घ्यायचं तर कुनाचं घ्यायचं?" मी रडायला लागले. तो म्हणाला, "रडू नको. उद्या रविवार हाय. आता ते खरं कर."

दुसऱ्या दिवशी सकाळी तो शर्ट घालून माझ्यासमोर येऊन उभा राहिला. मी पहिलं बटण लावलं. तोंडातून प्रार्थना निघेना. कितीतरी महिने म्हटली नव्हती, मधलाच एक शब्द आठवेना — लहानपणापासून पाठ असलेली प्रार्थना! पास्कलने सांगितला. मग पुढचं बटण. पाचव्या बटणाला तो म्हणाला, "सावकाश, मिस्सा पळून नाय जात," आणि मला हसू फुटलं. अपघातानंतर मी पहिल्यांदा हसले ती त्या दिवशी. देव मला तिथे भेटला म्हटलं तर तुम्हाला मोठ्ठी गोष्ट वाटेल, पण मला दुसरं काही म्हणता येत नाही. खोटं बोलून मी जे मिरवलं होतं, ते मला त्या माणसाने फुकट दिलं. त्यानंतर बारा वर्षं मी त्याच्या शर्टाची बटणं लावली. प्रिसिलाच्या आजारपणात लावली, विहिरीचं पाणी खारट होऊन आमची केळी गेली त्या वर्षीही लावली. काही रविवारी आम्ही इतके हसायचो की उशीर व्हायचा. संकटं थांबली नाहीत, पण मी पुन्हा कधी देवाशी अबोला धरला नाही. हा आनंद खरा होता. आजही आहे.

मग कबुली कसली, असं वाटेल तुम्हाला. नवऱ्याने माफ केलं, देवानेही केलं असेल — झालं की!

नाही झालं. कारण गावात मी ती गोष्ट कधी दुरुस्त केली नाही. उलट दुसऱ्या चर्चमध्येही साक्ष द्यायला बोलावणं आलं आणि मी गेले. दर वेळी अधिक रंगवून सांगितली. पास्कलला लोक चिडवायचे, "नशीबवान आहेस, बायकोने तारलं." तो हसायचा. प्रिसिला कॉलेजात असताना एकदा बापाशी भांडली आणि म्हणाली, "पप्पा, तुम्ही नका शिकवू मला. तुम्ही तर मम्मीमुळे चर्चला जाता." मी तिथेच मासे साफ करत बसले होते. पास्कल म्हणाला, "होय गं बाय, तुझी मम्मी होती म्हनून." त्याने माझ्याकडे बघितलंही नाही, मला अडचण नको म्हणून. मी खवले काढत राहिले. विहिरीवर कपडे आपटले त्यापेक्षा हे मला जास्त लागतं.

तो हृदयविकाराने गेला. मातीच्या वेळी फादरांनी प्रवचनात तीच गोष्ट सांगितली — डळमळीत विश्वासाचा माणूस आणि त्याला सावरणारी पत्नी. पास्कलची पेटी समोर होती. मी पहिल्या बाकावर बसून मान डोलावली.

त्याला आता तीन वर्षं झाली. प्रिसिला लग्न होऊन आचोळ्याला राहते. या वर्षी तिचं दुसरं बाळही सहाव्या महिन्यात पोटातच गेलं. मी तिच्याकडे राहायला गेले होते. रविवारी सकाळी जावई बाहेरच्या खोलीतून म्हणाले, "प्रिसी, येतेस का मिस्साला?" पोरीने मोरीतला नळ पूर्ण सोडला आणि भांडी आदळायला लागली. जावयांनी परत हाक मारली, तिने भांडी आणखी जोरात आदळली. तो आवाज मला चांगला ओळखीचा होता.

जावई एकटेच गेले. मी तिच्याजवळ जाऊन उभी राहिले. ती वळून न बघता म्हणाली, "मम्मी, तू मला काही सांगू नकोस. तुझी गोष्ट वेगळी. तुझ्यात ताकद आहे. मी पप्पांवर गेलेय, मला नाही झेपत विश्वास." तेव्हासुद्धा — तेव्हासुद्धा! — मी नुसता तिच्या पाठीवर हात ठेवला आणि गप्प राहिले.

घरी येऊन हे लिहायला बसले. बोलायला लागले की मी काय करते ते तुम्ही आता जाणता, म्हणून कागदावर. आज ती येणार आहे. तिला मी हे वाचायला देईन आणि समोर बसेन. नंतर फादरांकडे जाईन, आणि फादर परवानगी देतील तर त्याच माईकसमोर. ती मला काय म्हणेल ते म्हणू दे.

प्रिसिला, तुझ्या पप्पांचा विश्वास एक दिवससुद्धा ढळला नव्हता. ढळला तो माझा. तू पप्पांवर गेलेली नाहीस गं. तू माझ्यावर गेली आहेस.