फागीने मोजलेले वाल

गुरुवार, १४ ऑगस्ट १९१३. सकाळी धुकं. जुनी चादर फाडून बाळंतिणींसाठी पट्ट्या केल्या. दुपारी जामसरच्या जैतूने आजारी सुनेला डोलीतून आणलं.

त्या सुनेबद्दल कमळाबाईंच्या रोजनिशीत एवढंच आहे. त्यांची दुपार मात्र त्यात पुरती गेली.

नवरा प्लेगात गेल्यावर त्या एका कॉन्व्हेंटात सुईणीचं काम शिकून जव्हारला आल्या, त्याला आठ वर्षं झाली होती. तिथे त्यांना ‘शौच’ हा एकच शब्द शिकवला होता. जव्हारात तो शब्द वापरून विचारलं की बाया जमिनीकडे बघत. मग त्यांनी लोक काय म्हणतात ते टिपायला घेतलं. कारभाऱ्यांच्या घरी ‘परसाकडे’. परस म्हणजे घरामागची मोकळी जागा. पाड्यावरच्या झोपडीला कसलं परस, चहूकडे रानच. तिथे ‘रानात’ किंवा नुसतं ‘बाहेर’. वैद्य ‘झाडा’ म्हणत, लेकरांची ‘शी’. कुणापुढे कोणता शब्द चालतो, हे आता त्यांना तोंडपाठ होतं.

फागी ओटीवर पोट धरून पडली होती. उशाशी सासरा जैतू.

“रानात गेली होतीस का गं?” कमळाबाईंनी विचारलं.

फागीने पदर तोंडावर ओढला. उत्तर जैतूने दिलं, “नाय गेली. पोट गच्च झालंय. एरंडेल दे, बाय.”

कमळाबाईंनी एरंडेलाची बाटली काढली. वाटीत ओततानाच त्यांची नजर फागीच्या डोळ्यांवर गेली. डोळे खोल गेले होते. हाताची कातडी चिमटीत धरून सोडली, तर ती तशीच उभी राहिली; अंगातलं पाणी आटलं होतं. बाटलीला बूच लागलं.

“जैतूबा, तुम्ही पाहिलंत ती गेली नाही ते?”

“मी पहाटेच शेतावर जातो. बैलाचं इचार, शेण कसं, किती, सगळं सांगीन. सुनेचं मला काय ठावं?”

“मग जरा अंगणात बसा.”

“घरातला मोठा मीच. माझ्यामागं इचारायचं काय?”

सासऱ्यासमोर सून असलं बोलत नाही. मेली तरी बोलणार नाही. वाद घालण्यात वेळ गेला असता. कमळाबाईंनी मूठभर वाल आणून फागीच्या ओंजळीत घातले आणि शेजारी सूप ठेवलं.

“बोलू नकोस. कालपासून जितक्यांदा गेलीस, तितके या सुपात टाक.”

फागीचा हात पदराखालून बाहेर आला. एक दाणा पडला, मग दुसरा. जैतू आधी हसला. सातव्या दाण्याला हसू गेलं. सतरा दाण्यांवर फागीचा हात थांबला.

“एरंडेल पाजलं असतं तर?” त्याने हळूच विचारलं.

“तर डोली रिकामी नेली असतीत. चूल पेटवा. पातळ पेज करायची, मीठ घालून.”

तो उठला. त्याच्या पाड्यावर पुरुष चुलीशी बसत नसत, तरी त्याने पेज घाटली. कमळाबाईंनी ती चमच्याचमच्याने पाजली. दोनदा उलटली, त्या थोडं थांबून पुन्हा पाजत राहिल्या. सुपात आणखी तीन दाणे पडले, मग पडेनात. दिवेलागणीला फागीने त्यांच्या कानाशी लागून सांगितलं की लघवी झाली. म्हणजे अंगात पाणी ठरू लागलं होतं. कमळाबाईंनी पहिल्यांदा पाठ टेकली.

“आता कसं?” दाराबाहेरून जैतूचा आवाज आला.

“वाचेल ती. उद्याचा दिवस इथेच ठेवते.”

मग त्यांनी रोजनिशी उघडून लिहिलं: घरातला तांदूळ पेजेला संपला. मला आणि जैतूला नागलीची भाकर केली.