पायावरचं न्हाणं

"चाल बे, कामाले लाग," असं म्हणून काकू उजव्या गुडघ्यावर एक थाप मारायच्या आणि मगच खुर्चीतून उठबस सुरू करायच्या. नवऱ्याशी अहो-जाहो करणारी ही बाई, पण गुडघ्याला सरळ 'बे'.

मोताळ्यात मी सकाळी बायकांची जिम चालवते. काकू पन्नाशीच्या, घरची भाजीची वाडी. दोन्ही गुडघ्यांची पार वाट लागलेली. डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं होतं, आणि तोवर मांड्यांत ताकद आणा म्हणून व्यायाम करायला लावला होता. काकूंना ताकद हवी होती ती वेगळ्याच कामासाठी.

"माही पोरगी बाळंतपणाले येऊन राह्यली. लेकराले पायावर न्हाऊ घालाचं हाये मले."

"टबात घाला की, काकू."

"टबात आमी कपडे भिजवतो," त्या म्हणाल्या. विषय संपला.

तुम्हीही पाहिल्या असतील अशा बायका. दुखलं तर थांबा म्हटलं की आणखी जोर लावतात. मी रागवायचे, त्या पाणी प्यायच्या आणि पुन्हा तेच करायच्या.

एके दिवशी काकू जुन्या लुगड्यात गुंडाळलेलं कोहळं घेऊन आल्या. "नातू हाये," म्हणाल्या. बायका हसून लोटपोट. एकीनं तर त्याची दृष्टही काढली. काकू खाली बसल्या, कोहळं छातीशी धरलं आणि मी नको म्हणेपर्यंत उठायला गेल्या. गुडघ्यानं दगा दिला. त्या कलंडल्या आणि कोहळं फरशीवर फुटलं.

बायका पुन्हा हसल्या. काकू हसल्या नाहीत.

"लेकरू असतं तं?"

त्यानंतर त्या आल्याच नाहीत. मी मनात म्हटलं, संपलं. पण घरात सून असली तरी तिच्या हातचं खाऊन गप्प बसणारी बाई नव्हती ती. एका सकाळी दारात हजर.

"लेकरू कोणाच्याई हाती देईन. पण मले माहं मले उठता आलं पाह्यजे."

मग आम्ही तेवढंच धरलं. हात मागं टेकून जमिनीवरून पाटावर, पाटावरून बुटक्या स्टुलावर, तिथून उभं. दिसायला सोपं, पण काकूंना घाम फुटायचा.

नात झाली आणि काकूंचं येणं बंद झालं. मी बाळाला पाहायला गेले, तर न्हाणीत काकू पाय पसरून बसलेल्या, नात नडग्यांवर पालथी, तेलानं चमकत होती. न्हाणं झालं. त्यांना उठवायला मी हात पुढं केला. काकूंनी त्याच हातात गरम, ओली नात ठेवली.

"हिले धर. माह्याकडं पाहू नको."

माझे दोन्ही हात अडकले. मी नातीकडेच पाहत राहिले. पाट सरकला. स्टूल कुरकुरलं. मग बराच वेळ काहीच नाही, नुसता श्वास. मला रडूच यायला लागलं.

तेवढ्यात माझ्या खांद्याशी दोन हात आले.

"दे आता," काकू म्हणाल्या.